दरवर्षी त्याच सुमारास कालवं मरतात? आधी आ वासलेलं कालव हातात घ्या

पेटी पाण्याबाहेर ओढताना हलकी लागते आणि हलवली की आतून खुळखुळ येते. जिवंत कालवांचा आवाज दबका असतो, ओल्या दगडावर दगड आपटल्यासारखा. रिकाम्या शिंपल्यांचा आवाज पोकळ, खापऱ्या वाजल्यासारखा. हा दुसरा आवाज ज्यांनी सलग दोन-तीन वर्षं एकाच सुमारास ऐकला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एखाद्या वर्षीच्या मरतुकीला शंभर कारणं असू शकतात. पण दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वयाची कालवं जात असतील, तर कारण बहुतेक वेळा जिवंत असतं आणि तुमच्याच पाण्यात मुक्कामाला असतं. मी स्वतः पहिले दोन हंगाम रिकामे शिंपले मोजत आणि उन्हाला दोष देत घालवले. रिकामा शिंपला फक्त कालव गेल्याचं सांगतो, कशानं गेलं ते सांगत नाही. ते सांगू शकतं फक्त मरायला टेकलेलं कालव. ते मिळण्याचा काळ थोडा असतो, म्हणून मरतूक सुरू झाली की दर दोन दिवसांनी पेट्या उघडायची तयारी ठेवा.

रोग नाही ना, हे आधी बघा

लहान, मोठी, नवी, जुनी सगळी कालवं दोन-चार दिवसांत एकदम मेली आणि सोबत शिंपल्या, खेकडे, तळाचे मासेही मेले, तर परजीवी शोधत बसू नका. पाण्यातला प्राणवायू संपला असेल, पुराचं गोडं पाणी बरेच दिवस साचून राहिलं असेल किंवा गाळाखाली पेट्या गुदमरल्या असतील. रोग असा सरसकट मारत नाही. तो जात निवडतो, बहुतेकदा वय निवडतो, आणि शेजारच्या खेकड्याला हात लावत नाही.

भक्षकांच्या खुणाही वेगळ्या असतात. शिंपल्याला भोक पाडणारी गोगलगाय गोल, स्वच्छ, बारीक छिद्र सोडून जाते. खेकडा कडा मोडतो. शिंपला अखंड आहे, बिजागरी शाबूत आहे, दोन्ही झडपा जोडलेल्या आहेत आणि आत काही नाही, अशी रिकामी जोडी सापडली तरच रोगाचा संशय घ्या.

या रिकाम्या जोडीवरून मरणाची वेळ ढोबळपणे काढता येते. आतली बाजू पांढरी, गुळगुळीत असेल आणि स्नायूच्या खुणेपाशी मांसाचा धागा चिकटलेला असेल, तर कालव अलीकडेच गेलं आहे. आत शेवाळ, गाळ किंवा लहान बार्नकल बसले असतील तर कित्येक आठवडे झाले. दर आठवड्याला एका पेटीतली शंभर कालवं घेऊन चार ढीग करा: जिवंत, आ वासलेली, नव्या रिकाम्या जोड्या, जुन्या रिकाम्या जोड्या. जुन्या आणि नव्या एकत्र मोजल्या की मरतूक नेमकी कधी सुरू झाली हे हातून निसटतं. पुढचं सगळं निदान त्या तारखेवरच उभं आहे.

आ वासलेलं कालव

निरोगी कालव पाण्याबाहेर काढलं की झडप घट्ट मिटतं. आजारी कालवाची झडप थोडी उघडी राहते. बोटानं टिचकी मारली की ते सावकाश, अर्धवट मिटतं किंवा मिटतच नाही. हेच हवं. वास येऊ लागला असेल तर ते टाकून द्या, कारण कुजताना वाढलेले जीवाणू सगळं चित्र बिघडवतात.

बिजागरीकडून सुरी घालून स्नायू कापा आणि उजेडात धरा. मांस भरलेलं, दुधाळ आहे की पाणथळ, काचेसारखं आरपार दिसतंय? आवरणाची, म्हणजे शिंपल्याला आतून लागून असलेल्या मांसल पडद्याची, कड शिंपल्याच्या काठापर्यंत पोचते की आक्रसून मागे गेली आहे? पचनग्रंथी, म्हणजे पोटाजवळचा गडद तपकिरी-हिरवट गोळा, त्याच रंगाचा आहे की फिका पिवळसर पडला आहे? मांसावर कुठे पिवळे-हिरवे फोड आहेत का? शेवटी रिकामा शिंपला आतून बघा: तपकिरी कडं, काळे फुगवटे, बारीक छिद्रं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कालवांचे सगळ्यात घातक रोग डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. डर्मो, एमएसएक्स, बोनॅमिया या तिन्ही परजीवी रोगांत लक्षण दिसलंच तर कालव सारखंच दिसतं: रोड, पाणथळ, आवरण मागे सरलेलं. एखाद्यानं फोटो बघून छातीठोकपणे रोगाचं नाव सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फोटोपेक्षा चार उत्तरं जास्त उपयोगी पडतात: कालव कुठल्या जातीचं, किती वयाचं, मेलं त्या आधीच्या आठवड्यांत पाणी किती गरम होतं आणि किती खारं होतं. तापमापक आणि क्षारता मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते घ्या.

बी गेलं, तेही आठवड्याभरात

पॅसिफिक कालवाचं बी, म्हणजे कोवळी पिल्लं, पाणी तापायला लागल्यावर काही दिवसांत ऐंशी-नव्वद टक्के मेलं, तर पहिला संशय कालवांच्या हर्पीस विषाणूवर घ्या. त्याचा मायक्रोव्हार नावाचा उग्र प्रकार २००८ मध्ये फ्रान्समध्ये उसळला. २०१० मध्ये तो न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात दिसला, २०१६ च्या जानेवारीत टास्मानियात. फ्रान्समध्ये पाणी १६ अंशांवर गेलं की मरतुकीचा हंगाम सुरू होतो. माणसांना हा विषाणू लागत नाही. विषाणू कालवाच्या रक्तपेशींना नामोहरम करतो आणि मग पाण्यातले एरवी निरुपद्रवी जीवाणू आत घुसून काम संपवतात. त्यामुळे प्रयोगशाळेत नुसते जीवाणू वाढवून बघितले तर तेच गुन्हेगार वाटतात.

दोन उपाय खरंच उपयोगाचे आहेत. बी अजून जमिनीवरच्या टाक्यांत असेल तर येणारं पाणी ५ मायक्रॉनपर्यंत गाळा, किंवा वापरण्याआधी ४८ तास कालवांशिवाय साठवून ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत या दोन्हींनी बी वाचलं. बी खुल्या पाण्यात असेल तर धोक्याच्या दिवसांत पेट्यांची उंची वाढवा, म्हणजे कालवं भरतीच्या पाण्यात कमी वेळ राहतील. ऑस्ट्रेलियात साधारण ३० सेंटीमीटर उंची वाढवल्यावर मोठ्या कालवांची मरतूक घटली. बियाला मात्र तेवढा फायदा झाला नाही. त्या दिवसांत चाळणं, प्रतवारी करणं, पेट्या बदलणं पूर्ण बंद ठेवा. हाताळणीच्या धक्क्यानंतर मरतूक वाढते.

ईशान्य अमेरिकेत पूर्वेकडच्या जातीच्या कोवळ्या कालवांचा आणखी एक जीवाणूजन्य रोग आहे. त्यात शिंपल्याच्या आत तपकिरी पदार्थाचं कडं उमटतं: कालवानं आक्रसून घेतलेल्या आवरणाभोवती घातलेलं कुंपणच ते. २५ मिलिमीटरपेक्षा लहान बियाला हा फार भोवतो. त्यामुळे बी लवकर टाकून गरमीच्या आधी तेवढं वाढवून घेणं हाच तिथल्या लोकांचा मुख्य उपाय आहे.

विक्रीला आलेली कालवं उन्हाळ्याच्या शेवटी जातात

सगळ्यात जास्त तळमळ होते ती इथे. दोन वर्षं सांभाळलेली कालवं, अजून दोन महिन्यांनी काढायची, आणि पेटी खुळखुळायला लागते. अमेरिकेच्या पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरच्या कालवांत याचं नेहमीचं उत्तर डर्मो असतं, म्हणजे पर्किन्सस मरायनस हा एकपेशीय परजीवी.

१९४० च्या दशकात लुईझियानात कालवं मोठ्या प्रमाणावर मरायला लागली तेव्हा उत्पादकांनी बोट दाखवलं तेलविहिरींकडे. त्या वादातून तपास सुरू झाला आणि १९५० मध्ये हा परजीवी शास्त्रज्ञांच्या हाती लागला. तेव्हा तो बुरशी समजला गेला. जुन्या शास्त्रीय नावावरूनच डर्मो हे नाव राहिलं. प्रत्यक्ष मारेकरी समोर येईपर्यंत सगळे दिसणाऱ्या गोष्टीला दोष देत होते, हे वाचलं की मला माझे ते दोन हंगाम आठवतात.

डर्मो कालवाकडून कालवाकडे पाण्यातून थेट जातो, मधला यजमान, म्हणजे परजीवीला आसरा देणारा दुसरा प्राणी, लागत नाही. मेलेलं कालव कुजताना परजीवींचा लोंढा पाण्यात सोडतं आणि शेजारची कालवं तेच पाणी गाळून पितात. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो वाढू लागतो, २५ च्या वर मारतो. १२ ते १५ पीपीटीच्या (हजार भाग पाण्यात इतके भाग मीठ) वरची क्षारता त्याला मानवते. पहिल्या उन्हाळ्यात लागण हलकी असते आणि कालव वरून धडधाकट दिसतं. हिवाळ्यात परजीवी ओसरतो, पण संपत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तो तिथून पुढे वाढतो आणि उन्हाळा सरता सरता कालव जातं. दरवर्षी तोच महिना आणि तेच वय येतं ते यामुळे.

याची चाचणी एखाद्या साध्या प्रयोगशाळेतही होण्यासारखी आहे. सॅमी रे यांनी १९५२ मध्ये ती शोधली. आवरण, कल्ले किंवा गुदाशयाजवळचा लहानसा तुकडा थायोग्लायकोलेट द्रवाच्या नळीत टाकायचा, सोबत इतर जीवाणू-बुरशी वाढू नये म्हणून प्रतिजैविकं, आणि नळी पाच ते सात दिवस अंधारात ठेवायची. तेवढ्यात परजीवीच्या पेशी फुगून मोठ्या गोल होतात. मग तुकडा काचपट्टीवर सुईनं फोडायचा आणि त्यावर ल्यूगोल आयोडीनचा थेंब टाकायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फिकट तपकिरी मांसाच्या चिंध्यांत निळे-काळे गोळे दिसायला लागले. आधी चार-पाच होते, काचपट्टी सरकवली तसे इतके, की मधलं मांस दिसेना. ते कालव सकाळपर्यंत जिवंत होतं. गोळे किती दाट आहेत त्यावरून लागण हलकी की जड ते ठरतं. एखाद-दुसरा गोळा दिसला म्हणजे तेच मरणाचं कारण असं नाही. जड लागण असलेली कालवं किती टक्के, हा आकडा महत्त्वाचा.

इथला उपाय वेळापत्रकाचा आहे. कालवं दुसऱ्या उन्हाळ्याच्या कडाक्याआधी विकायच्या आकाराची होतील असं बी निवडा आणि तशी वेळ साधा. भरभर वाढणारं त्रिगुणित बी (गुणसूत्रांचे तीन संच असलेलं, सहसा पिल्लं न देणारं) लोक याच कारणासाठी घेतात. मागच्या वर्षीची उरलेली मोठी कालवं नव्या बियाच्या शेजारी ठेवू नका. मला विचाराल तर दरवर्षी परतणाऱ्या डर्मोचं सगळ्यात मोठं घरगुती कारण हेच आहे. 'ही अजून थोडी वाढतील' म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या चार पेट्या पुढच्या पिढीला रोग देतात. मेलेली, आ वासलेली कालवं पाण्यात परत फेकू नका. किनाऱ्यावर, भरती पोचणार नाही अशा जागी टाका. पेटीतली दाटी कमी करा. खाडीच्या वरच्या, कमी क्षारतेच्या भागात हलवलं तर मरतूक थांबते, पण परजीवी अंगात राहतो. खाऱ्या पाण्यात परत आणलं की तो पुन्हा डोकं वर काढतो.

डर्मोसारखंच दिसतं, पण वागणं वेगळं

एमएसएक्स अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९५७ मध्ये डेलावेअर उपसागरात आणि १९५९ मध्ये चेसापीक उपसागराच्या खालच्या भागात उफाळला. अनेक केंद्रकं असलेला हा गोळा कोण, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून नावात अज्ञाताचं एक्स आलं. पुढे त्याचं नाव हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनी ठरलं. २००० मध्ये जनुकीय अभ्यासातून हा आशियातल्या पॅसिफिक कालवांतून आलेला पाहुणा असल्याचं स्पष्ट झालं. २००२ मध्ये तो कॅनडातल्या केप ब्रेटनच्या ब्रा डोर सरोवरात सापडला, २०२४ मध्ये प्रिन्स एडवर्ड बेटावर.

डर्मोशी त्याचा मोठा फरक असा की प्रयोगशाळेत एका कालवातून दुसऱ्यात तो लावता आलेला नाही. मध्ये कुठला तरी यजमान असावा असं मानतात. त्यामुळे दाटी कमी करणं, मेलेली कालवं उचलणं याचा इथे डर्मोइतका उपयोग नाही. दुसरा फरक तुमच्या बाजूचा आहे: कमी क्षारता याला सोसत नाही. पाणी २० अंशांच्या वर असताना १० पीपीटीखाली दोनेक आठवडे गेले तर कालव या परजीवीपासून मोकळं होतं. म्हणजे वरच्या गोड्याशा पाण्यात हलवणं डर्मोत फक्त मुदतवाढ देतं, एमएसएक्समध्ये खरा उपचार ठरू शकतं. कोणता रोग आहे हे कळल्याशिवाय पेट्या हलवू नका असं मी सांगतो ते यासाठी.

चपट्या युरोपीय कालवांची गोष्ट अजून दुःखद आहे. १९७९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात बोनॅमिया ऑस्ट्री आला. त्याआधी १९६८ पासून तिथे मार्टेलिया हा दुसरा परजीवी होताच. दोघांनी मिळून तिथला चपट्या कालवांचा धंदा इतका आकसवला की उत्पादक पॅसिफिक जातीकडे वळले. बोनॅमिया दोन ते पाच मायक्रॉनचा, रक्तपेशींच्या आत राहणारा. ज्या पेशींनी शत्रूला गिळायचं त्यांच्यातच तो वाढतो. बरीच लागण झालेली कालवं शेवटपर्यंत ठणठणीत दिसतात. निदान हृदयाचा तुकडा काचपट्टीवर ठशासारखा दाबून, रंगवून होतं. दोन वर्षांच्या पुढची कालवं जास्त मरतात, म्हणून तिथेही लवकर काढणी हाच आधार आहे.

मरतूक हिवाळ्यात आणि पचनग्रंथी फिकी पडलेली असेल तर ऑस्ट्रेलियातल्या सिडनी रॉक कालवांत क्यूएक्स नावाचा रोग आठवा. हाही मार्टेलियाच, सिडनेयी जातीचा. लागण उन्हाळ्यात होते, परजीवी पचनग्रंथी भरून टाकतो, आणि कालव पुढे काही महिन्यांत उपासमारीनं जातं. इथे मरण्याचा महिना बघून कारण शोधलं तर चुकीच्या ऋतूत शोधाल. १९९४ मध्ये जॉर्जेस नदीत आणि २००४ मध्ये हॉक्सबरीत या रोगानं धंदा मोडला.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर डेनमन बेटाचा म्हणून ओळखला जाणारा रोग तर थंडीतच वाढतो. पाणी तीन-चार महिने १० अंशांच्या खाली राहिलं की वसंतात मोठ्या पॅसिफिक कालवांवर हिरवट-पिवळे फोड येतात. उपाय सरळ आहे: वसंताआधी कालवं काढा किंवा किनाऱ्यावर वरच्या पट्ट्यात हलवा.

मारत नाही पण माल बिघडवतं

शिंपला उघडल्यावर आतल्या बाजूला काळसर फुगवटा दिसला की सुरीचं टोक त्यावर दाबून बघा. पातळ पापुद्रा करकन फुटतो, आतून काळा घाण वासाचा चिखल येतो, आणि नीट बघितलं तर त्यात केसाएवढा लालसर किडा वळवळत असतो. हा पॉलिडोरा. तो शिंपल्यात बीळ करून आत चिखल भरतो आणि कालव त्यावर नवा थर चढवून स्वतःला वाचवतं. यानं कालव सहसा मरत नाही, पण हा फुगवटा ताटात फुटला तर ते कालव कुणी खात नाही. बाहेरून मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पिवळी ठिपकेदार छिद्रं आणि शिंपला बिस्किटासारखा ठिसूळ, असं असेल तर तो क्लायोना, म्हणजे पोखरणारा स्पंज.

या दोघांवर मात्र उपचार आहेत. तरंगत्या पेट्या आठवड्यातून एकदा उलट्या करून दिवसभर वाळवल्या तर पॉलिडोराची नवी पिल्लं मरतात. हे सुरुवातीपासून करायचं. बीळ खोल गेल्यावर उपयोग कमी. बाधा जास्त असेल तर मीठ विरघळायचं थांबेपर्यंत खारवलेल्या पाण्यात कालवं सुमारे १५ मिनिटं बुडवा आणि लगेच वाऱ्यावर वाळवा. कालव झडप मिटून बसतं, किडा बिळात अडकून मरतो. लहान बी हे सोसेलच असं नाही, म्हणून आधी पन्नासेक कालवांवर करून दोन आठवडे थांबा. आणि ही वाळवणी हर्पीसच्या धोक्याच्या दिवसांत करू नका.

नमुना पाठवताना

तीस कालवं पाठवली तर दहा टक्क्यांना असलेला रोग सापडण्याची खात्री पंच्याण्णव टक्के असते. दोन टक्क्यांची लागण पकडायला दीडशे लागतात. मरतूक चालू असताना तीस पुरतात, बी विकत घेण्याआधी तपासणी करायची असेल तर दीडशेचाच आग्रह धरा. कालवं जिवंत, ओल्या कापडात गुंडाळून, गारव्यात पाठवा. बर्फ थेट लागू देऊ नका, पाण्यात बुडवून पाठवू नका. गोठवलेलं कालव सूक्ष्मदर्शकाखाली निरुपयोगी होतं, कारण पेशी फुटतात. एका दिवसात पोचणार नसतील तर कल्ले, पचनग्रंथी आणि आवरण तिन्ही येतील अशी अर्धा सेंटीमीटर जाडीची आडवी चकती कापून डेव्हिडसन द्रावणात (पेशी जशाच्या तशा टिकवणाऱ्या) ठेवा, आणि वेगळा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये.

पीसीआरचा, म्हणजे परजीवीचे जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीचा, अहवाल आला की एक लक्षात घ्या. कालव पाणी गाळून जगतं, त्यामुळे पाण्यातल्या परजीवीचा अंश नुसता त्याच्या पोटात असला तरी चाचणी होकार देते. मांसाच्या छेदात परजीवी आणि त्यानं केलेली नासधूस दिसली तरच मारेकरी ठरवा.

बोनॅमियाच्या दोन जाती, मार्टेलिया रेफ्रिंजन्स आणि पर्किन्ससच्या दोन जाती जागतिक पशु आरोग्य संघटनेच्या सूचीत आहेत. यातलं काही निघालं तर आपल्या मत्स्य खात्याला कळवणं टाळू नका, पेट्या अडकल्या तरी. हे रोग आजवर लांब लांब पोचले ते मुख्यतः माणसांनी हलवलेल्या कालवांतून. न्यूझीलंडमध्ये २०१५ मध्ये बोनॅमिया ऑस्ट्री सापडला आणि २०१७ मध्ये तो स्ट्युअर्ट बेटापर्यंत पोचल्यावर तिथल्या कालवशेतांतली कालवं उचलून काढावी लागली, कारण पलीकडे फोव्हो सामुद्रधुनीतली जंगली कालवं होती.

औषध का नाही, आणि शेजारच्या जंगली कालवांचं काय

हा प्रश्न नेहमी येतो. खुल्या पाण्यात औषध टाकून ते कालवाच्या अंगात टिकवता येत नाही. कालवाला आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार करता येत नाहीत, म्हणून गुराढोरांसारखी लस टोचण्याची सोयही नाही. उरतो तो वंश. १९६० च्या दशकात रटगर्स विद्यापीठात हॅरॉल्ड हॅस्किन यांनी एमएसएक्समधून वाचलेल्या कालवांची पैदास सुरू केली आणि त्यातून रोगाला दाद न देणारं बी उभं राहिलं. सिडनी रॉक कालवांत क्यूएक्ससाठीही तेच झालं. त्यामुळे बी घेताना 'रोगप्रतिकारक आहे का' असं मोघम विचारू नका, 'कुठल्या रोगाला' ते विचारा. एमएसएक्सला टिकणारं बी डर्मोला टिकेलच असं नाही.

शेजारच्या खडकांवरच्या जंगली कालवांकडे बरेच जण रोगाचं घर म्हणून बघतात आणि ती खरवडून काढायची भाषा करतात. लागण तिथून येते हे खरं आहे, विशेषतः डर्मोची. पण मला हा उपाय घातक वाटतो. पेटीतली जुनी कालवं आणि खडकावरची जुनी कालवं यांत फरक आहे. पेटीतली तुम्ही बाहेरून आणलेली, दाटीत ठेवलेली, कदाचित पिल्लंही न देणारी. ती राहिली तर रोगच पुढे जातो. खडकावरची मरतुकीतून तावून-सुलाखून निघालेली आणि दर हंगामात त्याच पाण्यात पिल्लं सोडणारी. प्रिन्स एडवर्ड बेटावर १९१५ च्या सुमारास माल्पेक उपसागरातली जवळजवळ सगळी कालवं मेली, कारण आजही ठाऊक नाही. उरलेल्या थोड्यांच्या वंशातून तिथला उपसागर वीसेक वर्षांत पुन्हा भरला. डेलावेअर उपसागरात १९८० च्या दशकातल्या मोठ्या मरतुकीनंतर जंगली कालवांत एमएसएक्सला तोंड देण्याची ताकद आली आणि ती टिकली. तेव्हा जुन्या पेट्या हंगामाआधी रिकाम्या करा, आणि खडकावर जी मोठी, जाड शिंपल्याची कालवं शिल्लक राहिली आहेत त्यांना सुरी लावू नका, विशेषतः मरतुकीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं.